हात, आकडा आणि वाट: फँटसी ॲक्शन आरपीजीची आजची स्थिती

फँटसी ॲक्शन आरपीजी या प्रकारच्या कॉम्प्युटर गेमबद्दल आपल्याकडे बोलणं निघतं, तेव्हा ते बहुतेक वेळा दोनच वळणांनी जातं. पालक आणि शिक्षक विचारतात, मुलं किती तास खेळतात? तरुण विचारतात, हा गेम माझ्या लॅपटॉपवर चालेल का, ग्राफिक्स कार्ड कुठलं लागेल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण नाटक, सिनेमा किंवा कादंबरीबद्दल आपण जो प्रश्न सर्वांत आधी विचारतो, तो इथे राहूनच जातो. ही कृती चांगली आहे का, आणि असेल तर कशामुळे? गेल्या तीस-चाळीस वर्षांत या प्रकाराने स्वतःची परंपरा उभी केली आहे, तिचे मानदंड ठरले आहेत आणि दोषही मुरले आहेत. त्यांच्याकडे समीक्षेच्या नजरेनं पाहायला हवं.

ज्यांना या प्रकाराची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. एक कल्पित जग असतं. तिथे तलवारी, मंत्र, राक्षस, ओसाड किल्ले आणि लयाला गेलेली राज्यं असतात. खेळणारा एक पात्र घेतो आणि त्याच्या रूपाने या जगात लढतो, भटकतो, माणसांशी बोलतो. शत्रू मारला की अनुभवाचे गुण मिळतात आणि ते ताकद, चपळाई, मंत्रविद्या अशा खात्यांत वाटायचे असतात. हा झाला भूमिकेचा, म्हणजे ‘आरपीजी’चा भाग. ‘ॲक्शन’ म्हणजे लढाई आळीपाळीने चाली करून होत नाही. ती त्या क्षणी, खेळणाऱ्याच्या बोटांनी होते. शत्रूची कुऱ्हाड खाली येताना बटण वेळेवर दाबलं तर वाचलात.

म्हणजे इथे एकाच वेळी दोघं वाढत असतात. पात्र आकड्यांत वाढतं आणि खेळणारा हाताने व नजरेने वाढतो. माझं म्हणणं असं की, या दोन वाढी एकमेकींच्या बरोबरीने चालल्या आणि त्यांना लक्षात ठेवावीशी वाटेल अशी वाट मिळाली, तरच गेम कलाकृती होतो. आकडा हाताच्या फार पुढे गेला की खेळ संपतो आणि नुसता हिशेब उरतो. या कसोटीवर परंपरेतल्या मोठ्या कृती तपासल्या, तर आज हा प्रकार कुठे उभा आहे ते बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं.

आकडा आधी आला. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती मित्र जमवून, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा हा खेळ. वार लागला की हुकला, हे फासा ठरवायचा. आकडेमोड हे कॉम्प्युटरचं मूळचं काम, त्यामुळे हा खेळ पडद्यावर यायला वेळ लागला नाही. १९८० च्या ‘रोग’ने दर डावाला नवं भुयार रचण्याची युक्ती आणली, १९८१ मध्ये ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ आले. या साऱ्यांत खेळणारा विचार करायचा आणि मशीन हिशेब करायचं. हाताला फारसं काम नव्हतं. ते काम जपानने दिलं. १९८४ च्या ‘टॉवर ऑफ ड्रुआगा’, ‘हायडलाइड’ आणि ‘ड्रॅगन स्लेअर’ या गेमनी आकड्यांना चालू लढाईची जोड दिली. मग १९८६ मध्ये शिगेरू मियामोतोंचा ‘लेजंड ऑफ झेल्डा’ आला. क्योतोजवळच्या डोंगरांत आणि गुहांत लहानपणी भटकताना वाटलेलं कुतूहल त्यांना त्यात आणायचं होतं. ‘झेल्डा’त अनुभवाचे गुण नाहीत, म्हणून काटेकोर अर्थाने तो आरपीजी नव्हे. पण वाट शोधण्यातला आनंद या प्रकाराला त्याच्याकडूनच मिळाला.

पाश्चात्त्य गेममध्ये हात आणि आकडा यांची खरी गाठ पडली ती ‘डायब्लो’त. १९९६ च्या अगदी शेवटी तो बाजारात आला. त्याचे एक मुख्य कर्ते डेव्हिड ब्रेविक यांनी तो ‘रोग’च्या वळणावर, आळीपाळीच्या चालींचा म्हणून आखला होता. तो चालू वेळेत खेळला जावा, असा आग्रह ब्लिझर्ड कंपनीने धरला. ब्रेविक यांचा विरोध होता, पण सहकाऱ्यांचं मत दुसऱ्या बाजूला गेलं आणि त्यांनी काही तासांत कोड बदलून पाहिला. पडद्यावरच्या सांगाड्यावर क्लिक केलं, योद्धा चालत गेला आणि त्याने सांगाड्याचा चुराडा केला. आपल्या हातात काय आलं आहे ते त्यांना तिथेच कळलं, ही हकिगत त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितली आहे. या प्रकाराच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा बदल आहे, कारण पाश्चात्त्य गेममध्ये तोवर हिशेबात असलेला वार इथे पहिल्यांदा हाताला जाणवला.

‘डायब्लो’चं जग लहान होतं. ट्रिस्ट्रम नावाचं भेदरलेलं खेडं, त्याच्या चर्चखाली सोळा मजल्यांचं भुयार आणि मॅट उलमनच्या गिटारचे सूर. खाली उतरायचं, मारायचं, मिळालेली शस्त्रं वर आणून विकायची आणि पुन्हा उतरायचं. मारलेल्या राक्षसाकडून काय मिळेल हे ठरलेलं नसे. शंभर कुचकामी तलवारींनंतर एखादी अशी मिळे की खेळण्याची सगळी पद्धतच बदलावी लागे. ‘डायब्लो २’ (२०००) मध्ये ही लूट इतकी खोल आणि नेमकी झाली की त्या धर्तीच्या गेमची आजही त्याच्याशी तुलना होते. पण प्रकाराचा पुढचा रोगही याच लुटीतून आला. अनिश्चित बक्षिसाची ओढ हे दुधारी हत्यार आहे. नवं शस्त्र नवी लढत शिकवत असेल तर ओढ खेळाच्या कामी येते. शस्त्र म्हणजे फक्त मोठा आकडा असेल तर माणूस लढाईकडे पाहणंच सोडतो.

‘डायब्लो ३’ (२०१२) मध्ये हे लख्ख दिसलं. त्यात खऱ्या पैशांनी शस्त्रं विकण्या-घेण्याचा लिलावबाजार होता. राक्षस मारून मिळणाऱ्या वस्तूपेक्षा बाजारातली वस्तू कायम सरस, मग भुयारात उतरायचं कशाला? खेळाचा गाभाच पोकळ होतो आहे हे कंपनीला मान्य करावं लागलं आणि १८ मार्च २०१४ रोजी बाजार बंद झाला. धडा घेतला गेला असं वाटत असतानाच, २०२२ मध्ये मोबाइलसाठी आलेल्या ‘डायब्लो इम्मॉर्टल’ने पैसे टाकून ताकद वाढवण्याचा रस्ता पुन्हा मोकळा केला. सोडतीसारख्या खरेदीविरुद्धच्या कायद्यांमुळे बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये तो प्रसिद्धच झाला नाही. एखाद्या देशाचा कायदा गेमच्या रचनेला जुगाराच्या जवळ ठेवतो, तेव्हा समीक्षकाने निराळं काही सांगायची फारशी गरज उरत नाही.

याच घराण्यातला ‘पाथ ऑफ एक्झाइल’ (२०१३) मात्र आदराला पात्र आहे. न्यूझीलंडच्या ग्राइंडिंग गिअर गेम्स या कंपनीने तो फुकट खेळायला दिला आणि पैसे मुख्यतः पोशाख, सजावट आणि सामान ठेवायच्या जागेवर मिळवले. त्यातला कौशल्यांचा विस्तीर्ण वृक्ष पहिल्यांदा पाहणारा गांगरतो. पण आकड्यांचाच आनंद घ्यायचा तर तो असा घ्यावा, बुद्धीला कामाला लावणारा. त्यातही लक्षणीय गोष्ट म्हणजे डिसेंबर २०२४ मध्ये खुल्या झालेल्या ‘पाथ ऑफ एक्झाइल २’ने प्रत्येक पात्राला कोलांटी घेऊन वार चुकवण्याची सोय दिली आणि बॉसच्या, म्हणजे टप्प्याटप्प्यावर वाट अडवणाऱ्या बलाढ्य शत्रूंच्या, लढती सावध, वाचून खेळाव्या लागतील अशा केल्या. आकड्यांच्या राजधानीतही हाताला पुन्हा मान मिळू लागला आहे.

तिसरी गोष्ट वाट. ती ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेने जगभरच्या खेळाडूंना दिली. २००२ च्या ‘मॉरोविंड’मध्ये गावकरी पत्ता तोंडी सांगत: पुलापलीकडे जा, खडकापाशी डावीकडे वळा. माणूस चुकायचा, आणि चुकता चुकता त्याला भलतंच काही सापडायचं. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’ने बाणाचं चिन्ह देऊन चुकणं संपवलं. शिवाय आणखी मोठी गफलत केली: खेळणारा वाढेल तसतसं सारं जगच त्याच्याबरोबर वाढवलं. सुरुवातीला फाटक्या कातड्यांत भेटणारे वाटमारे पुढे राजांना शोभतील अशी चिलखतं घालून भेटू लागले. सगळेच वाढले तर कोणीच वाढलं नाही. कसोटीचा आकड्याचा भाग इथे पूर्ण निकामी झाला.

११ नोव्हेंबर २०११ ला आलेल्या ‘स्कायरिम’ने ही चूक बरीच सावरली. त्यातली वाढीची पद्धत साधी आणि सुंदर आहे: जे करत जाल त्यात तुम्ही वाढता. धनुष्य वापरलं तर नेम सुधारतो, लपत गेलात तर पाऊल हलकं होतं. रिव्हरवुडहून व्हाइटरनकडे निघावं, वाटेत डोंगरात एक पडकं दार दिसावं, आत शिरावं आणि बाहेर पडताना आपण दरीच्या दुसऱ्याच अंगाला आलो आहोत हे कळावं, हा त्यातला नेहमीचा अनुभव. त्या थंड, विस्तीर्ण प्रदेशाची ओढ आजही टिकून आहे आणि हौशी मंडळींनी रचलेल्या मॉडनी, म्हणजे मूळ गेममधल्या फेरफारांनी, तो गेम जिवंत ठेवला आहे. पण तलवारबाजी मात्र हवेत हात फिरवल्यासारखी. वार लागल्याचं वजन नाही, शत्रूला स्वतःची अशी लढायची पद्धत नाही. ‘स्कायरिम’ वाटेत उत्तम आहे, आकड्यात बरा आहे आणि हातात कमकुवत आहे.

गोष्ट सांगण्याच्या बाबतीत मोठी झेप घेतली ती पोलंडने. आंद्रेय सापकोव्हस्की यांच्या कथा-कादंबऱ्यांवर सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने बेतलेला ‘द विचर ३’ १९ मे २०१५ रोजी आला. त्याचा नायक गेराल्ट हा मोबदला घेऊन राक्षस मारणारा भटक्या. त्यातलं एकच कथानक जवळून पाहू.

युद्धाने होरपळलेल्या वेलन प्रांतात एक जहागीरदार आहे. लोक त्याला ब्लडी बॅरन म्हणतात. गेराल्टला हवी असलेली माहिती त्याच्याकडे आहे. बदल्यात आपली हरवलेली बायको आणि मुलगी शोधून द्यावी, असं तो सांगतो. शोध घेताना हळूहळू उलगडतं की दोघी हरवलेल्या नाहीत, पळून गेल्या आहेत. बॅरन दारूच्या नशेत बायकोला मारायचा. अशाच एका रात्री तिचा गर्भ पडला. नीट क्रियाकर्म न झालेलं ते अर्भक आता पिशाच होऊन आसपास वावरतं आहे. इथे गेम दोन रस्ते देतो. तलवार काढून ते पिशाच मारा, किंवा बापाला ते हातात घ्यायला लावा. दुसरा रस्ता धरला तर पावसाळी रात्री तो आडदांड माणूस त्या भेसूर जिवाला छातीशी धरून वाड्याकडे चालतो, गेराल्ट सोबत राहून वाटेतल्या भुतांना हटवत असतो, आणि उंबऱ्याशी पोचल्यावर बाप त्याला नाव देतो, मुलगी म्हणून स्वीकारतो आणि पुरतो. घरातल्या हिंसेबद्दल इतक्या गांभीर्याने बोलणारा प्रसंग लोकप्रिय गेममध्ये दुर्मीळ आहे. बॅरनला माफी मिळते असं नाही, त्याच्याबद्दल नुसती घृणाही उरत नाही. पुढे एका टेकडीवरच्या आत्म्याबाबत आपण जो निर्णय घेतो, त्यावर काही अनाथ मुलांचं आणि या नवरा-बायकोचं भवितव्य ठरतं, आणि निर्दोष सुटका कुठल्याच पर्यायात नाही. निवड खेळणाऱ्याची असल्यामुळे तिचं ओझंही त्याच्याच मनावर राहतं. वाचकावर किंवा प्रेक्षकावर ही जबाबदारी अशा रीतीने कधी येत नाही, आणि गेम या माध्यमाचं वेगळेपण इथे आहे.

तरीही ‘विचर ३’ निर्दोष नाही. त्याची लढाई बेताची आहे. तपासाच्या नावाखाली एक बटण दाबून लाल चमकणाऱ्या खुणांमागे चालायचं एवढंच असतं, त्यात खेळणाऱ्याच्या बुद्धीला काम नाही. स्केलिगेच्या समुद्रात तर नकाशा भरून प्रश्नचिन्हं आहेत, आणि बहुतेकांपाशी पाण्यात पडलेली पेटी. एवढ्या उत्तम लेखनाच्या शेजारी हा भराव खटकतो. पुढच्या दशकातल्या कित्येक ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळ्या जगाच्या, गेमनी लेखन घेतलं नाही, भराव तेवढा घेतला.

या भरावाला सर्वांत ठाम उत्तर आलं ते जपानी दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी आणि फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीकडून. मियाझाकी गेमच्या क्षेत्रात उशिरा, एकोणतिसाव्या वर्षी आले. लहानपणी ते इंग्रजी फँटसी पुस्तकं चाळत. भाषा अर्धवट समजे आणि मधल्या जागा ते चित्रांच्या आणि कल्पनेच्या आधाराने भरून काढत. त्यांच्या गेमची कथनपद्धत नेमकी अशी आहे. ‘डीमन्स सोल्स’ (२००९) आणि ‘डार्क सोल्स’ (२०११) मध्ये गोष्ट कोणी सांगत नाही. ती अंगठीच्या वर्णनात असते, प्रेत कुठे आणि कशाकडे तोंड करून पडलं आहे त्यात असते. जी. ए. कुलकर्णींच्या ‘रमलखुणा’तले ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ ज्यांनी वाचले आहेत, त्यांना या प्रदेशात परकं वाटणार नाही.

‘डार्क सोल्स’ची वाट कशी आहे ते एका जागेवरून कळतं. खेळाचा मुख्य प्रवास फायरलिंक श्राइन या पडक्या देवस्थानापाशी सुरू होतो. तिथे शेकोटी आहे, विसावा आहे. तिथून वर चढत, मेलेल्या शिपायांशी लढत, पुलावरच्या ड्रॅगनच्या आगीतून वाचत आपण एका चर्चपर्यंत पोचतो. पुढच्या शेकोटीपर्यंत पोचण्याआधी अनेकदा मरण आलेलं असतं, आणि मेलं की मागचे शत्रू पुन्हा उभे राहतात. आपण घरापासून फार लांब आलो आहोत याची खात्री पटलेली असते. चर्चच्या आत एक लिफ्ट सापडते. ती खाली जात राहते, बराच वेळ जात राहते, आणि थांबते तेव्हा ओळखीचं संगीत कानावर येतं. आपण पुन्हा फायरलिंकमध्ये आहोत. एवढा लांब वाटलेला प्रदेश आपल्या शेकोटीच्या थेट डोक्यावर होता. या क्षणी आकडा एकानेही वाढत नाही. वाढते ती फक्त जागेची समज, आणि तरीही आनंद कुठल्याही लुटीपेक्षा मोठा असतो. स्थापत्यातून मिळणारं हे सुख इतक्या नेमकेपणाने देणारे गेम बोटांवर मोजण्याइतके आहेत.

२५ फेब्रुवारी २०२२ ला आलेल्या ‘एल्डन रिंग’ने हीच दृष्टी मोकळ्या मैदानात आणली. त्याच्या जगाचा पुराणकाळ जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी रचला. सुरुवातीचं दार उघडलं की समोर लिमग्रेव्हचं हिरवं पठार आणि क्षितिजावर सोन्याचा महावृक्ष. खाली रस्त्यावर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार गस्त घालत असतो. नवा खेळाडू त्याच्यावर धावून जातो आणि एका फटक्यात मरतो. गेम एक शब्द न बोलता पहिला धडा देतो: जे दिसलं त्याच्याशी लढलंच पाहिजे असं नाही, वळसा घाल, नंतर ये. प्रश्नचिन्हं नाहीत, कामांची यादी नाही. विसाव्याच्या जागेवरून निघणारी प्रकाशाची एक फिकट रेघ दिशा सुचवते, आणि ती पाळण्याची सक्ती नाही.

हाताचं शिक्षण कसं होतं ते मार्गिटच्या लढतीत पाहावं. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या पुलावर तो वाट अडवून उभा असतो. तो काठी उंच उचलतो आणि थांबतो. आधीच्या गेमनी लावलेल्या सवयीने आपण काठी उचलताक्षणी कोलांटी घेतो, ती संपते, आणि तेव्हा काठी पडते. पुन्हा मरण. हळूहळू नजर काठीवरून खांद्यावर येते, वार सुटण्याचा क्षण तिथे दिसतो. तालमीत एकच डाव अंगवळणी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा धरतात, तसं इथे होतं. जो जिंकतो त्याच्या पात्राचे आकडे मघाच्याइतकेच असू शकतात. बदललेला असतो तो स्वतः. आणि ज्याला हे जमत नाही त्याला गेम कोंडून ठेवत नाही. दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला आहे, तिथे जाऊन ताकद वाढवा. मदतीला आत्मे बोलवा किंवा दुसरा खेळाडू बोलवा. किल्ल्याला बगल देणारी कड्यावरची पायवाटही आहे, ती धरून थेट पुढच्या प्रांतात जा. हात कमी पडला तर आकडा आधार देतो, आकडा कमी पडला तर वाट. माझ्या कसोटीचे तिन्ही भाग इतक्या समतोलाने एकत्र आलेली दुसरी कृती मला माहीत नाही.

फ्रॉमसॉफ्टवेअरचे गेम अवघड असतात म्हणून ते मोजक्यांचेच, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य आहे. ज्यांच्या हातांना वेगाची मर्यादा आहे त्यांच्यासाठी बटणांची आणि वेळेची सोय आणखी करता आली असती, आणि ती केल्याने कलेचं काही बिघडलं नसतं. ‘एल्डन रिंग’मध्ये भरावही आहे: एकसारखी भुयारं, पुन्हा पुन्हा येणारे तेच बॉस, आणि शेवटच्या प्रदेशांत शत्रूच्या वाराचे आकडे बेताल वाढलेले. पण यामुळे त्याचं पहिलं स्थान ढळत नाही.

गेल्या काही वर्षांतल्या आणखी दोन प्रयोगांची दखल घ्यायला हवी. सुपरजायंटचा ‘हेडीस’ (२०२०) ग्रीक पाताळातून पळून जाऊ पाहणाऱ्या राजपुत्राचा. प्रत्येक मरणानंतर तो घरी परततो आणि गोष्ट तिथे पुढे सरकते, म्हणजे हरणं हाच कथेचा धागा होतो. २०२१ मध्ये ह्यूगो पुरस्काराने व्हिडिओ गेमसाठी खास विभाग केला, तो सन्मान ‘हेडीस’ला मिळाला. दुसरा ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ (२०२४). त्यात राक्षसाच्या अंगावर चढून लढता येतं, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी क्षणात पोचण्याची सोय मुद्दाम आखडती ठेवली आहे, त्यामुळे रात्रीचा प्रवास खरंच धाकाचा होतो. एवढ्या चांगल्या विचाराशेजारी कंपनीने पहिल्याच दिवशी खेळातल्या वस्तू पैशांना विकायला काढल्या आणि खेळाडू संतापले. संताप योग्यच होता. ज्या दुर्मीळतेवर रचना उभी आहे, तीच विकायला काढणं हा रचनेचा अपमान आहे.

२० ऑगस्ट २०२४ ला चीनच्या गेम सायन्स कंपनीचा ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ आला आणि तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. सोळाव्या शतकातल्या ‘जर्नी टू द वेस्ट’ या कादंबरीतला वानरवीर सुन वुकाँग त्याच्या केंद्रस्थानी आहे. ही कादंबरी ज्याच्या प्रवासावर उभी आहे तो भिक्षू ह्युएन त्संग. तो सातव्या शतकात भारतात आला आणि दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला. उपकाराची जाण ठेवणारे आणि अपमानाचा सूड घेणारे असं इथल्या लोकांचं वर्णन त्याने केलं आहे. डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराबद्दल त्याने लिहिलं, ते अजिंठाच असावं असं बरेच अभ्यासक मानतात. गेममध्ये हा भारत नाही, पण गेमचं मोल आपल्याला कळावं असंच आहे. शान्शी प्रांतातली जुनी मंदिरं आणि मूर्ती मोजून-मापून त्यात आणल्या आहेत. पिवळ्या वाळूच्या एका प्रांतात शिर नसलेला भिक्षू तंतुवाद्य घेऊन बसलेला दिसतो आणि शान्शीच्या शेजारच्या शान्बेई भागातल्या कथागायनाच्या ढंगात गातो. परक्या खेळाडूला सोपं पडावं म्हणून त्यात काही पातळ केलेलं नाही, आणि जगाने ते तसंच स्वीकारलं. वाटेच्या बाबतीत मात्र तो कमी पडतो. मोकळा दिसणारा रस्ता अदृश्य भिंतीने अडतो आणि इतकं देखणं जग हाताला लागत नाही.

भारतात काय आहे? हैदराबादच्या ओगर हेड स्टुडिओचा ‘असुर’ (२०१७) हा छोटा, चुणचुणीत ॲक्शन आरपीजी आला. त्याहून अधिक गाजला पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ (२०२०). भावाला शोधायला निघालेली मुलगी, राजस्थानी किल्ल्यांवर बेतलेलं जग, पहाडी चित्रशैलीच्या वळणाची दृश्यं आणि कथनाला दुर्गा व विष्णू. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता; तरीही त्यांनी गेम पुरा केला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. पात्राची वाढ त्यात थोडी आहे, म्हणून तो या प्रकाराच्या कडेलाच बसतो. लढाई सैल आहे, शेवट एकदम येतो. पण त्याचं जग कुठल्याही परक्या गेमची नक्कल नाही, आणि पहिल्या कृतीकडून याहून मोठी अपेक्षा नसावी.

अशा जगांची सामग्री इथे किती आहे, ते देवगिरीच्या किल्ल्यावर जाऊन पाहावं. तासून उभा केलेला कडा, खंदक, एकच अरुंद वाट आणि त्यापुढे वळणावळणाची ‘अंधारी’, जिथे शिरलेला शत्रू दिशा हरवून बसायचा. रायगड-प्रतापगडच्या गोमुखी दरवाजात दोन बुरुजांच्या आड दार असं दडवलं आहे की समोरून ते दिसतच नाही. गेम रचणारे ज्याला लेव्हल डिझाइन म्हणतात, त्याचे हे शेकडो वर्षं जुने, चोख नमुने आहेत. आपल्याकडे गेम रचणाऱ्यांनी पुराणातली नावं उचलण्याआधी या वाटा नीट चालून पाहाव्यात. देवांची आणि असुरांची नावं कुठल्याही गेमला चिकटवता येतात. वाट मात्र रचावी लागते.

एकूण निर्वाळा असा. कलेच्या अंगाने हा प्रकार आज भरात आहे. हाताचं आणि वाटेचं महत्त्व पुन्हा मान्य झालं आहे, आणि पोलंड, जपान, चीन अशा वेगवेगळ्या मातीतल्या गोष्टी आपापल्या ढंगात येत आहेत. व्यवसायाच्या अंगाने मात्र तो आजारी आहे. २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ने घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं तेव्हा लोक चिडले, आज त्याहून कितीतरी मोठी विक्री कोणी फारशी दखल न घेता चालते. ज्या गेममध्ये पैसे दिल्याने खेळावं कमी लागतं, तो गेम स्वतःच सांगत असतो की त्यातलं खेळणं कंटाळवाणं आहे. अशा गेमवर पैसा आणि वेळ घालवू नये.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने ‘हेडीस’पासून करावी. तो बेताच्या लॅपटॉपवरही चालतो आणि दहा मिनिटांत हाताची चव कळते. मग गोष्टीसाठी ‘विचर ३’ घ्यावा आणि वेलन प्रांतात घाई न करता फिरावं. त्यानंतर ‘एल्डन रिंग’. तो खेळताना इंटरनेटवरचा नकाशा उघडू नये, अडलं तर दुसरी वाट धरावी आणि चिडचिड झाली तर गेम बंद करून दुसऱ्या दिवशी बसावं. घरात मुलं हे गेम खेळत असतील, तर पालकांनी एक संध्याकाळ शेजारी बसून पाहावं आणि मुलांना विचारावं, हा रस्ता तू का निवडलास? या प्रकारातल्या चांगल्या कृतींना या प्रश्नाचं उत्तर देता येतं, वाईट कृतींना येत नाही.